दोन इंजिनांचें लहान विमान व त्याचा सांभाळ

गेल्या वर्षीं वार्षिक क्रीडासंमेलनाच्या दिवशीं चारशें मीटरांची शर्यत संपून मुलें धापा टाकीत सांवलींत बसलीं असतां शाळेच्या मैदानावरून एक लहानसें पांढरें विमान बरेंच खालून गेलें. शर्यतीचा निकाल कोणी ऐकेना. सर्वांच्या माना वर! विमान दिसेनासें झाल्यावर आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, तसलें विमान विकत घ्यावयास किती रुपये पडतात?" शेजारीं त्याचे वडील उभे होते. ते हंसून म्हणाले, "अरे, आधीं सायकलीची साखळी पुसावयास शीक, मग विमानाचें बघूं." मुलगा ओशाळला. परंतु आमच्या मतें त्या गृहस्थांनीं हंसतां हंसतां त्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर देऊन टाकिलें होतें. उरलेलें अर्धें उत्तर या लेखांत देण्याचा आमचा विचार आहे.

हत्ती दारांत बांधणें निराळें आणि तो पोसणें निराळें. विमानाचेंहि तसेंच आहे. त्याची किंमत एकदांच द्यावी लागते. त्याचा सांभाळ मात्र तें आपल्या पदरीं असेपर्यंत करावा लागतो. म्हणून "विमान केवढ्यास पडतें?" यापेक्षां "त्याचें काय झिजतें, केव्हां झिजतें, आणि त्यासाठीं आजच किती बाजूस ठेविलें पाहिजे?" असे तीन प्रश्न विचारणें अधिक शहाणपणाचें होय.

बोलणें नेमकें व्हावें म्हणून एक प्रसिद्ध विमान उदाहरणादाखल घेऊं. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यांतील विचिटा शहरीं वॉल्टर बीच व त्यांच्या पत्नी ऑलिव्ह ॲन बीच यांनीं १९३२ सालीं विमानांचा कारखाना काढिला. त्या कारखान्याचें 'किंग एअर ९०' नांवाचें विमान १९६४ सालीं प्रथम आकाशांत गेलें. पुढें त्याचीं अनेक रूपें निघालीं. त्यांपैकीं 'सी ९०' हें रूप आपल्या देशांतहि वापरलें गेलें आहे. पंखांचा पसारा सुमारें ५० फूट, भरलेल्या विमानाचें वजन सुमारें १०,००० पौंड, वैमानिक धरून सात-आठ माणसें बसण्याची सोय, आणि वेग ताशीं ४०० किलोमीटरांच्या वर, असा त्याचा थोडक्यांत परिचय आहे. मोठीं जेट विमानें जेथें उतरूं शकत नाहींत अशा आंखूड धांवपट्टीवर तें उतरूं शकतें. म्हणून रोग्यास शहराच्या इस्पितळांत नेणें, दूरच्या जिल्ह्यांत अधिकाऱ्यास पोंचविणें, अशा कामीं त्याचा मोठा उपयोग होतो.

या जातीच्या विमानास टर्बोप्रॉप म्हणतात. त्याच्या इंजिनांत मोटारीच्या इंजिनाप्रमाणें खालींवर होणारे दट्टे नसतात. आंत ओढलेली हवा दाबून घट्ट करितात, तींत रॉकेलाच्या जातीचें तेल जाळितात, आणि तापून फुगलेली ती हवा जोरानें बाहेर पडतांना वाटेंतील पातीं बसविलेलें चक्र फिरविते. ओढ्याचें पाणी पाणचक्की फिरवितें, त्यांतलाच हा प्रकार. या चक्रास टर्बाइन म्हणतात. सी ९० विमानाच्या प्रत्येक पंखावर असें एकेक इंजिन असतें. तें कानडाच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचें 'पी टी ६' या कुळांतील असून त्याची शक्ति सुमारें ५५० अश्वबळ असते. हें कुळ १९६० सालीं प्रथम चालू झालें, आणि आजवर तशीं ५०,००० हून अधिक इंजिनें तयार झालीं आहेत.

या इंजिनाची एक मौज अशी कीं, त्यांत हवा मागच्या बाजूनें शिरते आणि धूर पुढच्या बाजूनें, प्रॉपेलरच्या अगदीं जवळून, बाहेर पडतो. दुसरी मौज अशी कीं, त्यांत दोन टर्बाइन चक्रें असून तीं एकमेकांस जोडलेलीं नसतात. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि हळूहळू फिरूं लागतो. हा प्रयोग मुलांनीं घरीं करून पाहावा. पी टी ६ मध्यें पहिलें चक्र हवा दाबण्याचें काम चालवितें. त्याच्या मागोमाग आलेल्या तप्त हवेनें दुसरें फिरतें, व तें प्रॉपेलर फिरवितें. पहिलें चक्र मिनिटास सुमारें ३७,५०० फेरे घेतें. दुसरें सुमारें ३३,००० फेरे घेतें. पण प्रॉपेलर इतक्या वेगानें फिरविणें इष्ट नसल्यामुळें मध्यें दांतेरी चाकें घालून तो वेग १५ पटींनीं कमी करितात. प्रॉपेलर मिनिटास किती फेरे घेतो, हें मुलांनींच काढावें. उत्तर २,२०० आलें पाहिजे.

आतां खर्चाचें मूळ कोठें आहे तें पाहूं. तें उष्णतेंत आहे. उड्डाणांत या दोन चक्रांमधील हवेची उष्णता सुमारें ७०० अंश सेल्सिअसपर्यंत सतत राहूं शकते. इंजिन सुरू करितांना ती दोन-एक सेकंद १,००० अंशांच्याहि वर जाऊं दिली जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, हें रसायनाच्या तासास आपण शिकलों आहों. तेव्हां टर्बाइनाचीं पातीं साध्या धातूंचीं असून भागत नाहीं. तीं निकेलाच्या विशेष मिश्रधातूंचीं करावीं लागतात. तीं पातीं बोटाएवढीं लहान असलीं, तरी त्या वेगानें फिरतांना त्यांवर बाहेरच्या दिशेनें प्रचंड ओढ पडते. धातु तापलेला आणि वर ही ओढ. मग तो वर्षानुवर्षें, केंसाच्या जाडीहूनहि कमी अशा मापानें, हळूहळू लांबत जातो. ही लांबी पुन्हां कमी होत नाहीं. अशा इंजिनाचा प्रत्येक तास त्याच्या आयुष्यांतून वजा होतो, असें म्हणण्याचें कारण हेंच.

एका साध्या चुकीनें हें आयुष्य किती झपाट्यानें जातें, त्याचें एक उदाहरण सांगतों. इंजिन सुरू करितांना प्रथम बॅटरीच्या जोरावर तें फिरवितात, आणि तें पुरेशा वेगानें फिरूं लागल्यावर तेल सोडितात. बॅटरी अशक्त असेल तर वेग पुरेसा येत नाहीं, आंत हवा कमी येते, आणि तेल पेटतांच ज्वाळेस थंड करणारा वारा नसल्यामुळें उष्णता मर्यादेबाहेर उसळते. वैमानिकाचा हात तेल बंद करण्यास कांहीं क्षण उशिरां गेला, कीं टर्बाइनाचीं पातीं जळून जाऊं शकतात. बॅटरीच्या देखभालींत थोडे पैसे वांचविले, आणि त्यापायीं लाखों रुपयांचीं पातीं गमावलीं! काटकसर व कंजुषी यांतील भेद शिकविण्यास याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

विमानाचें वय तीन घड्याळांनीं मोजितात. पहिलें घड्याळ उड्डाणाच्या तासांचें, दुसरें उड्डाणांच्या संख्येचें, आणि तिसरें भिंतीवरील दिनदर्शिकेचें.

पहिलें घड्याळ तासांचें. किंग एअर विमानाची तपासणी चार भागांत वांटलेली असते. दर २०० तासांनीं एकेक भाग, याप्रमाणें ८०० तासांत चारहि भाग पुरे होतात. परंतु तास कमी झाले तरी २४ महिन्यांच्या आंत चारहि भाग झालेच पाहिजेत. तपासणी म्हणजे नुसतें वरवर पाहणें नव्हे. जमिनीवरील व पंखांवरील झांकणें उघडतात, आसनें काढितात, दोर व कप्प्या तपासतात, गंज शोधितात, आणि सर्व जेथल्या तेथें बसवून पुन्हां पाहतात. इंजिनाच्या तेलांत एक चुंबकी बूच असतें. आंत कोठें पोलाद झिजत असेल तर त्याचा कीस त्या बुचास चिकटतो व संकटाची आगाऊ सूचना मिळते. ज्या तोट्यांतून तेलाचा फवारा उडतो त्या ठराविक तासांनीं काढून साफ कराव्या लागतात. कारण तोटी अर्धवट तुंबली तर फवाऱ्याऐवजीं धार उडते, आणि त्या धारेची ज्वाळा एकाच जागीं लागून धातु जाळिते.

याशिवाय खुद्द इंजिनाच्या दोन मोठ्या मुदती आहेत. सी ९० वरील पी टी ६ इंजिनाचा उष्ण भाग सुमारें १,८०० तासांनीं उघडून तपासतात. आणि ३,६०० तास झाल्यावर संपूर्ण इंजिन काढून, खोलून, झिजलेले भाग बदलून, नव्यासारखें करून घ्यावें असें कारखान्याचें सांगणें असतें. या दुसऱ्या कामास ओव्हरहॉल म्हणतात, व विमानाच्या मालकाची झोंप उडविणारा शब्द तोच. अमेरिकेंत स्वतःच्या उपयोगासाठीं विमान ठेवणाऱ्या मालकास ही ३,६०० तासांची मुदत कायद्यानें बंधनकारक नसते. भाडें घेऊन उतारू नेणाऱ्यांस मात्र ती, किंवा सरकारनें मान्य केलेली दुसरी मुदत, पाळावीच लागते. अर्थात् कायद्यानें सूट दिली म्हणून धातु सूट देत नाहीं. मुदत ओलांडणाऱ्या मालकानें इंजिनाची अधिक बारकाईनें परीक्षा करवून घेणें, हें त्या सवलतीचेंच दुसरें अंग आहे.

दुसरें घड्याळ उड्डाणांच्या संख्येचें. विमान एक तास उडालें काय किंवा चार तास उडालें काय, चाकांस जमिनीचा धक्का एकदांच बसतो, आणि इंजिन एकदांच तापून एकदांच निवतें. म्हणून चाकांचे पाय व इंजिनांतील फिरत्या तबकड्या यांचें आयुष्य तासांपेक्षां उड्डाणांच्या संख्येवर मोजितात. तबकडीची मर्यादा भरली, कीं ती डोळ्यांस कितीहि निर्दोष दिसो, काढून टाकावीच लागते. कारण त्या वेगांत ती फुटली तर तिच्या तुकड्यांस अडविणें कठीण.

तिसरें घड्याळ दिनदर्शिकेचें, आणि नवख्या मालकास फसविणारें तेंच. विमान शेडमध्यें उभें असलें तरी रबर कडक होतें, वंगण सुकतें, आणि गंज रात्रंदिवस आपलें काम करितो. किंग एअरचे पंख ज्या मोठ्या बोल्टांनीं धडास जोडलेले असतात, ते दर ५ वर्षांनीं काढून तपासावे लागतात व १५ वर्षांनीं बदलावे लागतात. चाकांच्या पायांस व प्रॉपेलरांसहि तास किंवा संख्या यांबरोबर वर्षांची मर्यादा असते. जी आधीं भरेल ती खरी. आग विझविण्याची नळकांडी, संकटसमयीं आपोआप हांक देणारें यंत्र व त्याची बॅटरी, नळ्या, प्राणवायूची व्यवस्था, या प्रत्येकाची तारीख वहींत लिहिलेली असते, आणि ती तारीख मालकाच्या सोयीसाठीं थांबत नाहीं.

आपल्या कोंकणपट्टीशीं या तिसऱ्या घड्याळाचा फार जवळचा संबंध आहे. मुंबईचें जुहू विमानतळ १९२८ सालापासूनचें. तें अगदीं समुद्राच्या शेजारीं आहे. खारा वारा खिडकीच्या गजांचें काय करितो, हें रत्नागिरी-मालवणकडील पालकांस सांगावयास नको. तोच वारा इंजिनांत शिरला, कीं मीठ पात्यांवर बसतें, आणि उष्णतेंत इंधनांतील गंधकाशीं मिळून निकेलाचीं पातीं कुरतडूं लागतें. यावर उपाय साधाच आहे: इंजिन थंड झाल्यावर तें बॅटरीनें फिरवून त्यांत स्वच्छ पाण्याचा फवारा सोडणें. समुद्रकांठीं राहणाऱ्या विमानास हें स्नान वारंवार, कधीं कधीं रोज, घालावें लागतें. पाणी स्वस्त, वेळ थोडा. पण एवढाच कंटाळा केल्यानें इंजिन मुदतीपूर्वींच खोलावें लागल्याचे प्रसंग येतात.

आतां गणिताकडे वळूं. पुढील आंकडे आम्हीं हिशेब सोपा व्हावा म्हणून धरिले आहेत. प्रत्यक्ष बिल इंजिनाच्या अवस्थेप्रमाणें व बाजारभावाप्रमाणें कमीजास्त होतें. समजा, एका इंजिनाच्या ओव्हरहॉलास २ कोटी ५२ लाख रुपये पडतात. त्यास ३,६०० नीं भागिलें असतां दर तासास ७,००० रुपये येतात; दोन इंजिनांचे १४,०००. समजा, उष्ण भागाच्या तपासणीस प्रत्येक इंजिनामागें ३६ लाख पडतात. ही रक्कम १,८०० तासांत जमली पाहिजे. म्हणजे तासास २,००० व दोहोंचे ४,०००. सी ९० तासास सुमारें २८० लिटर इंधन खातें. लिटरचा भाव १०० रुपये धरिला तर २८,००० रुपये. या तिहींची बेरीज ४६,००० रुपये. विमान उडालें तरच हा खर्च होतो. त्यांपैकीं इंधनाचे पैसे त्याच दिवशीं द्यावे लागतात म्हणून ते सर्वांस दिसतात. उरलेले १८,००० त्या दिवशीं कोणी मागत नाहीं, म्हणून ते खर्च झाले असें वाटतच नाहीं. सारा घोंटाळा येथें आहे.

याशिवाय विमान उडो वा न उडो, शेडचें भाडें, विम्याचा हप्ता, वैमानिकांचा पगार, त्यांचें दरवर्षींचें फेरशिक्षण, नकाशांच्या नव्या आवृत्त्या, व दिनदर्शिकेच्या घड्याळाप्रमाणें येणाऱ्या तपासण्या हा खर्च चालूच असतो. तो सर्व मिळून वर्षास १ कोटी २० लाख धरूं. एक मालक वर्षास १०० तास उडतो. त्याच्या वांट्यास या स्थिर खर्चापैकीं तासामागें १,२०,००० रुपये येतात, आणि एकूण तास १,६६,००० रुपयांस पडतो. दुसरा वर्षास ४०० तास उडतो; त्यास स्थिर खर्च तासामागें ३०,००० व एकूण तास ७६,००० रुपयांस पडतो. पहिला मनुष्य म्हणतो, "मी फार थोडें उडतों, म्हणून माझा खर्च थोडा." वर्षाअखेर त्याची रक्कम लहान असते हें खरें; पण प्रत्येक तासास तो दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक मोजीत असतो. तपासणीचेंच पाहा. २४ महिन्यांत दुसऱ्याचे ८०० तास भरतात व त्यांत चार तपासण्या होतात. पहिल्याचे २०० तासच भरतात. तरी त्यालाहि त्याच चार तपासण्या कराव्या लागतात.

येथून पुढची पायरी अशी कीं, थोडें उडणाऱ्यास खर्च सोसेनासा होतो, म्हणून तो आणखी थोडें उडतो; मग विमान महिनोन् महिने उभें राहतें, त्याचीं रबरें सुकतात, आंत दंव धरतें, आणि पुढील तपासणींत आणखी दोष निघतात. पायरी पायरीनें खालीं जाण्याची ही वाट सज्जन माणसांनाहि केव्हां सांपडली हें कळत नाहीं.

दुसरा फांस स्वस्ताईचा. जुनें विमान बाजारांत आश्चर्य वाटण्याइतकें कमी किंमतीस मिळूं शकतें. पण तें जुनें झालें म्हणून त्याचे बोल्ट, नळ्या, पातीं जुन्या भावानें मिळत नाहींत. समजा, असें एक विमान विक्रीस आहे व त्याच्या दोन्ही इंजिनांचे ३,५०० तास झाले आहेत. पहिल्या मालकानें प्रामाणिकपणें तासामागें १४,००० रुपये बाजूस ठेविले असते, तर त्याच्या थैलींत ४ कोटी ९० लाख जमलेले असावयास पाहिजेत. विमानाबरोबर ती थैली मिळत नाहीं. नव्या मालकाचे १०० तास उडून होतांच ५ कोटी ४ लाखांचें बिल त्याच्यापुढें येतें. हें विमान त्यानें स्वस्त घेतलें कीं महाग, हें किंमतीच्या चिठ्ठीवरून ठरत नसून इंजिनाच्या वहीवरून ठरतें. म्हणून जाणते लोक खरेदीपूर्वीं रंग व गाद्या पाहण्याऐवजीं आधीं वह्या मागतात, आणि विकणाऱ्याशीं कांहीं संबंध नसलेल्या कारागिराकडून परीक्षा करवितात.

या वह्यांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. विमानाची व प्रत्येक इंजिनाची स्वतंत्र नोंद असते. कोणता भाग केव्हां काढिला, कोणता बसविला, कोणी तपासला, सर्व त्यांत लिहितात. आपल्या देशांत विमान उडण्यास योग्य असल्याच्या दाखल्याचा फेरविचार दरवर्षीं होतो, आणि कोणतेंहि दुरुस्तीचें काम झाल्यावर परवानाधारक अभियंत्यानें सही केल्यावांचून विमान उडूं शकत नाहीं. ती सही म्हणजे शाईची एक रेघ, पण तिचा अर्थ असा कीं, "हें काम मीं पाहिलें आहे. यांत बसणाऱ्यांनीं माझ्यावर विश्वास ठेवावा." मालकास घाई असते, पैशाची ओढ असते, उद्यां कोणी मोठा उतारू यावयाचा असतो, आणि तशा वेळीं "विमान आज निघणार नाहीं" असें म्हणण्याचें धैर्य त्या अभियंत्यास दाखवावें लागतें. मालकाचें शील कसास लागतें तें हा नकार ऐकून घेण्यांत.

२८ जून २०१८ रोजीं जुहूच्या विमानतळावरून एक सी ९० विमान चांचणीच्या उड्डाणास निघालें. कित्येक वर्षें न उडतां राहिल्यावर व दीर्घ दुरुस्तीनंतर तें वर गेलें होतें. परत येतांना तें घाटकोपरच्या दाट वस्तींत, बांधकाम चालू असलेल्या एका जागीं, कोसळलें. दोन वैमानिक, देखभालीच्या कामांतील एक अभियंता व एक तंत्रज्ञ, आणि खालीं रस्त्यानें जाणारा एक मनुष्य, अशीं पांच माणसें प्राणांस मुकलीं. त्या अपघाताचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे, आणि तो देखभालीच्या दोषानें झाला असेंहि आम्ही म्हणत नाहीं. आम्हांस फक्त दोन गोष्टी लक्षांत आणून द्यावयाच्या आहेत. देखभाल करणारीं माणसें त्या विमानांत स्वतः बसलीं होतीं. आणि मरण पावलेल्यांपैकीं एकानें विमानांत पाऊलहि ठेविलें नव्हतें. विमान एकाच्या मालकीचें असलें, तरी त्याची सांवली दुसऱ्यांच्या घरांवरून जाते. म्हणून त्याच्या सांभाळाचा खर्च हा मालकाचा खाजगी प्रश्न राहत नाहीं.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, "मग असलें विमान ठेवावें तरी कोणी?" त्याचें उत्तर ऑस्ट्रेलियांत चांगलें सांपडतें. त्या विस्तीर्ण व विरळ वस्तीच्या देशांत दूरच्या मेंढपाळांस व मजुरांस डॉक्टर मिळत नसे. रेव्हरंड जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन पाळकांच्या प्रयत्नानें १९२८ सालच्या मे महिन्यांत क्वीन्सलंड प्रांतांतील क्लॉनकरी गांवीं विमानानें डॉक्टर नेण्याची सेवा सुरू झाली. पहिलें विमान एकाच इंजिनाचें होतें, व तेंहि भाड्यानें घेतलेलें. आज ती संस्था 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस' या नांवानें प्रसिद्ध असून तिच्या ताफ्यांत किंग एअर कुळांतील दोन इंजिनांचीं विमानें आहेत. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरांच्या नोटेवर फ्लिन यांचें चित्र छापिलेलें आहे. तेथें एक विमान अनेकांच्या कामीं पडतें. त्याचे तास भरपूर भरतात. स्थिर खर्च पुष्कळांवर वांटला जातो. आणि मध्यरात्रीं हांक आली तर इंजिन सुरू झालेंच पाहिजे म्हणून सांभाळांत हयगय करण्यास जागा राहत नाहीं. ज्यास वर्षांतून थोडेच तास उडावयाचें आहे, त्यानें विमान भाड्यानें घ्यावें किंवा चार-पांच जणांनीं मिळून ठेवावें. शेवटीं तेंच स्वस्त पडतें.

पालकांस एक विनंति. मुलगा किंवा मुलगी विमानाकडे टक लावून पाहूं लागली, तर तिनें वैमानिकच व्हावें असें नाहीं. बारावीपर्यंत गणित, पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन विमान-देखभालीचें शिक्षण घेतां येतें, आणि सरकारी परीक्षा व प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांनंतर परवाना मिळतो. त्या धंद्यांत हात काळे होतात, रात्रपाळी असते, टाळ्या कोणी वाजवीत नाहीं. परंतु ज्याच्या सहीवर अनोळखी माणसें आपला जीव सोंपवितात, त्याचा धंदा हलका म्हणतां येणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां क्रीडासंमेलनांतील त्या मुलाचें पुढें काय झालें तें सांगून लेख पुरा करितों. पावसाळ्यानंतर एके सकाळीं तो सायकलींच्या छपराखालीं उकिडवा बसलेला आम्हांस दिसला. साखळी काढून, चिंधीनें एकेक कडी पुसून, त्यानें ती कागदावर ठेविली होती. आम्हीं विचारिलें, "काय रे, तुटली काय?" तो म्हणाला, "नाहीं सर. तुटली नाहीं म्हणूनच काढली." त्याच्या वडिलांस ही हकीकत आम्हीं आवर्जून कळविली आहे.